रात्रभर एका गाडीच्या मागे

जूनच्या मध्यावरचा शनिवार. कारंजा लाडमध्ये मृग लागून आठवडा झालेला असतो. कृषी केंद्रांपुढे सोयाबीनच्या बियाण्यांच्या बॅगा उतरत असतात आणि ज्याचा त्याचा एक डोळा आभाळावर, दुसरा पीककर्जावर असतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा फ्रान्समधल्या ल माँ शहरात दुपारचे चार वाजलेले असतात. नेमक्या त्या क्षणी तिथल्या १३.६२६ किलोमीटरच्या वळणावळणाच्या मार्गावर ६२ गाड्या सुटतात आणि रविवारी आपल्या घड्याळात पुन्हा साडेसात वाजेपर्यंत धावत राहतात. पाऊस आला, अंधार पडला, एखादी गाडी भिंतीवर आदळली, तरी घड्याळ थांबत नाही. ही जगातली सर्वांत नावाजलेली चोवीस तासांची मोटार शर्यत. ती बघायला प्रत्यक्ष मैदानावर सव्वातीन लाखांहून जास्त माणसं जमतात, तंबू ठोकून राहतात, आणि त्यातले कितीतरी जण पहिल्या नंबरच्या गाडीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते चाळिसाव्या, पन्नासाव्या नंबरवर धावणाऱ्या एखाद्या जीटी गाडीच्या मागे असतात.

असं का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः त्यांच्यातलाच एक आहे. फरक इतकाच की माझा तंबू कारंज्यात आहे.

आधी अंतराचा अंदाज येऊ द्या. त्यासाठी आपल्या दारातूनच जाणारा समृद्धी महामार्ग घेऊ. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. कारला वेगमर्यादा ताशी १२०. कारंज्याच्या इंटरचेंजवरून चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की नियम पाळून हा सगळा रस्ता पार करायला आठ तास धरावे लागतात. म्हणजे चोवीस तासांत फार तर तीन वेळा नागपूर-मुंबई. ल माँला जिंकणारी जीटी गाडी, पावसानं किंवा अपघातांनी वेळ खाल्ला नाही तर, चोवीस तासांत ३४०च्या आसपास फेऱ्या मारते. म्हणजे ४६०० किलोमीटरहून जास्त. नागपूर-मुंबई साडेसहा वेळा! आणि यात इंधन भरणं, टायर बदलणं, चालक बदलणं, ब्रेक उघडून नवे बसवणं, सगळं आलं. सर्वांत वरच्या गटातला विक्रम तर याहून मोठा आहे. २०१० मध्ये ऑडीच्या गाडीनं ३९७ फेऱ्या, ५४१० किलोमीटर कापले होते.

ल माँला एकाच रस्त्यावर एकाच वेळी तीन शर्यती चालतात. सर्वांत वेगवान गट हायपरकारचा. या गाड्या फक्त शर्यतीसाठी जन्मलेल्या, दिसायला विमानाच्या जातीच्या. मधला गट एलएमपी२. आणि तिसरा जीटी, म्हणजे जी गाडी आपण शोरूममध्ये पाहू शकतो, पैसे असतील तर घेऊ शकतो, तिचंच शर्यतीसाठी घडवलेलं रूप. पोर्शे ९११, फेरारी २९६, कॉर्व्हेट, ॲस्टन मार्टिन व्हँटेज, बीएमडब्ल्यू एम४, फोर्ड मस्टँग. जीटी३ नावाचा हा नियमांचा संच २००६ पासून जगभर चालतो. ल माँनं तो २०२४ पासून स्वीकारला. २०२५ च्या ६२ गाड्यांत २१ हायपरकार होत्या, १७ एलएमपी२ आणि २४ जीटी.

आता जीटी चालकाच्या जागी बसून बघा. हायपरकारची एक फेरी साधारण तीन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांची, जीटीची जवळपास चार मिनिटांची. तेव्हा प्रत्येक हायपरकार साधारण दर अठ्ठावीस मिनिटांनी तुम्हाला मागून गाठते. अशा २१ आहेत. एलएमपी२ची एकेक गाडी चाळीस-एक मिनिटांनी गाठते. अशा १७ आहेत. गणित मांडून पाहिलं की उत्तर येतं: सरासरी दर मिनिटाला एक गाडी तुमच्या अंगावरून पुढे जाते. चोवीस तास. स्वतः ताशी पावणेतीनशेच्या वेगात असताना, कधी काळोखात, कधी पावसात, आरशात दोन पांढरे दिवे मोठे मोठे होत जातात आणि तुम्ही आपली रेघ सोडायची नसते. इथं मोटार शर्यतीतला एक सुंदर संकेत आहे. ओलांडून जाण्याची जबाबदारी मागून येणाऱ्या वेगवान गाडीची. जीटीनं फक्त एवढंच करायचं की आपण कुठे जाणार आहोत हे मागच्याला कळेल असं चालायचं. अचानक बाजूला होणं हाच सर्वांत मोठा गुन्हा. आणि हे सगळं सांभाळत त्या चालकाला आपल्या गटातल्या उरलेल्या २३ गाड्यांशी शर्यतही खेळायची असते. मला विचाराल तर ल माँमधलं सर्वांत अवघड काम हेच आहे. हायपरकारचा चालक फक्त पुढे बघतो. जीटीवाल्याला पुढेही बघायचं आणि मागेही.

पण मग प्रश्न पडतो, इतक्या वेगवेगळ्या गाड्या एका गटात बरोबरीनं धावतात कशा? मस्टँगच्या नाकात ५.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. फेरारी २९६ मध्ये चालकाच्या पाठीमागे ३ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो. पोर्शेचं इंजिन तर मागच्या चाकांच्याही मागे, सिलिंडर आडवे समोरासमोर. कागदावर यांची बरोबरी होणंच शक्य नाही. म्हणून संयोजक ती घडवून आणतात. कुणाच्या गाडीत वजन घालतात, कुणाच्या इंजिनाची ताकद वरून छाटतात. मागच्या शर्यतींची आकडेवारी काढून हे पुन्हा पुन्हा जुळवलं जातं. चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांवर सेन्सर बसवलेले असतात. ठरल्यापेक्षा जास्त जोर लावला तर लगेच कळतं. या पद्धतीला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात आणि तिच्यावरून चाहत्यांमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत. हुशार इंजिनिअरला शिक्षा कशाला, असा एक पक्ष आहे. मी दुसऱ्या पक्षात आहे. ताकद सारखी केल्यावर उरतं ते चालवणं, टायर जपणं, पिटमधली (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेतली) शिस्त आणि रात्रीचं डोकं. शर्यत तिथं दिसते.

पिटमधल्या शिस्तीला किती किंमत आहे? जीटीची एक फेरी चार मिनिटांची, म्हणजे पिटमध्ये एक मिनिट जास्त थांबलात की पाव फेरी गेली, जवळजवळ साडेतीन किलोमीटर. सगळ्यांचा वेग सारखा केलेला असताना साडेतीन किलोमीटर रस्त्यावर भरून काढायचे म्हणजे फेरीमागे अर्धा अर्धा सेकंद वेचत कित्येक तास घालवायचे. पिटच्या गल्लीत वेगमर्यादा ताशी ६० ची. इंधन भरताना इंजिन बंद. साधारण तासाभरानं गाडी पुन्हा आत येते. म्हणून जाणता चाहता सर्वांत वेगवान फेरी कुणाची हे नंतर बघतो. आधी बघतो की कोण कमी वेळ उभं राहिलं.

ल माँचा जन्मच मुळी टिकाऊपणाच्या हौसेतून झाला. पहिली शर्यत २६ आणि २७ मे १९२३ ला झाली. ३३ गाड्या सुटल्या आणि ३० शेवटपर्यंत टिकल्या. त्या काळच्या मोटारींची अवस्था पाहता हे आश्चर्यच. सर्वाधिक अंतर कापणाऱ्या शेनार वॉकर गाडीनं २२०९ किलोमीटर केले, पण तिला त्या वर्षी अधिकृत विजेती म्हणून जाहीरही केलं नाही. तीन वर्षांची मिळून एक ट्रॉफी द्यायची अशी मूळ योजना होती. गाडी किती पळते यापेक्षा ती किती टिकते, तिचे दिवे रात्रभर जळतात का, तिचं इंजिन दर वेळी सुरू होतं का, हे त्यांना पाहायचं होतं. आणि बघा, त्याच १९२३ मध्ये मँचेस्टरला घडलेलं एक वाफेचं इंजिन आपल्या शकुंतला रेल्वेवर रुजू झालं. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ असा त्या नॅरोगेजचा रस्ता. १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिन येईपर्यंत ते वाफेचं इंजिन सत्तर वर्षांहून जास्त काळ गाडी ओढत राहिलं. वेगाच्या बाबतीत शकुंतलेचं नाव कुणी काढणार नाही. पण यंत्र टिकवणं म्हणजे काय असतं, हे कारंज्यानं जवळून पाहिलेलं आहे.

रात्रीकडे येऊ, कारण जीटीचा खरा चाहता रात्रीच ओळखू येतो.

जूनमध्ये ल माँला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा दीड वाजलेला असतो. तिथं उजाडतं सकाळी सहाला, आपल्याकडे साडेनऊला. म्हणजे तिथला अंधार सुरू होतो तेव्हा कारंजं गाढ झोपेत असतं आणि संपतो तेव्हा इथं शेतातली माणसं न्याहारीला बसलेली असतात. त्या आठ तासांत रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला गाडीचा रंग दिसत नाही, नंबर दिसत नाही. मग तो कशावरून ओळखतो? आवाजावरून. मस्टँगचा खर्जातला गडगडाट, कॉर्व्हेटच्या साडेपाच लिटरच्या इंजिनाचा चिरका टाहो, पोर्शेची धातू घासल्यासारखी किंकाळी, टर्बोवाल्या बीएमडब्ल्यूचा दबका सूर. मुरलेले चाहते तंबूत पडल्या पडल्या सांगतात की आता कोण गेलं, आणि नेहमीच्या वेळेला तो आवाज आला नाही तर उठून बसतात. दिव्यांचीही एक भाषा आहे. बरीच वर्षं जीटीचे पुढचे दिवे पिवळे आणि वेगवान गाड्यांचे पांढरे असत, म्हणजे आरशात पाहूनच मागून कोण येतंय ते कळावं. गाडीच्या कुशीवर छोटे दिवे असतात. एक पेटला तर गटात पहिली, दोन पेटले तर दुसरी, तीन पेटले तर तिसरी. नंबराच्या पट्टीचा रंगही ठरलेला: हायपरकार लाल, एलएमपी२ निळा, जीटी नारिंगी.

आणि ब्रेक. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, किंवा आर्नाज नावाच्या मंद वळणाजवळ उभं राहिलं की काळोखात चाकांच्या आतून लाल-केशरी चकत्या पेटताना दिसतात. लोखंडाच्या ब्रेक डिस्क तापून लाल झालेल्या असतात. यामागचा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा उत्तर दोनदा तपासलं. तेराशे किलोची गाडी ताशी २८० वरून ८० वर आणायची तर ३६ लाख जूल ऊर्जा तिच्या अंगातून काढून घ्यावी लागते. ३६ लाख जूल म्हणजे बरोबर एक युनिट वीज, तेच युनिट जे महावितरणच्या बिलावर छापलेलं असतं. थोडा वाटा हवा आणि इंजिन उचलतं. बाकी सगळं काही सेकंदांत चार डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरतं. मग पुढच्या वळणाला पुन्हा. एका फेरीत असं कित्येकदा, आणि अशा ३४० फेऱ्या. ल माँचे ब्रेक लाल का दिसतात यापेक्षा ते वितळत कसे नाहीत, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हवेच्या नळ्यांमध्ये आहे. गाडीच्या नाकातून आत घेतलेला वारा थेट डिस्कच्या पोटातल्या फटींतून खेळवतात.

यंत्र तापतं तसा माणूसही. बंद काचांच्या आत, अग्निरोधक कपडे आणि हेल्मेट घालून बसलेल्या चालकाला बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्मा सोसावा लागतो. वैशाखातल्या वाशिम जिल्ह्यात बंद गाडीत बसून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तो नळीनं पाणी पीत राहतो. पण मला सर्वांत आदर वाटतो तो त्यांच्या एका नियमाचा: कोणत्याही चालकानं सहा तासांच्या अवधीत चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, आणि चोवीस तासांत एकूण चौदा तासांपेक्षा जास्त नाही. म्हणून प्रत्येक गाडीला तीन चालक असतात. जगातले निवडक चालक, सराव केलेले, डॉक्टर जवळ, तरी नियम त्यांना सांगतो की थकवा हा शूरपणाचा विषय नाही, गाडीतल्या इंधनासारखाच तो मोजायचा. समृद्धी महामार्गावरच्या अपघातांचा नागपूरच्या व्हीएनआयटीनं अभ्यास केला तेव्हा त्यात एकसुरी सरळ रस्त्यामुळे चालकाला येणाऱ्या गुंगीचा मुद्दा पुढे आला होता. रात्री नागपूरहून निघून एकट्यानं मुंबई गाठण्याची फुशारकी मी ऐकतो तेव्हा मला हा चार तासांचा नियम आठवतो.

जीटी गटाच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार माणसाळलेली वाटते. मोटार शर्यतीच्या जागतिक संघटनेनं चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा श्रेणी दिलेल्या आहेत. ब्राँझ म्हणजे हौशी, ज्याचा पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे. ल माँच्या प्रत्येक जीटी गाडीत एक तरी ब्राँझ चालक हवाच, आणि त्यानं ठरलेला किमान वेळ स्टिअरिंगवर बसलंच पाहिजे. त्यामुळे गाडी जिंकते ती बहुधा सर्वांत वेगवान व्यावसायिक असलेल्या संघाची नसते. ज्याचा हौशी चालक रात्री तीन वाजता चूक करत नाही, त्या संघाची असते. याच वाटेनं नटसुद्धा इथं पोचले. स्टीव्ह मॅक्वीन १९७० मध्ये पायाला प्लास्टर असताना सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत दुसरा आला. पॉल न्यूमन १९७९ मध्ये ल माँला पोर्शे ९३५ मधून सगळ्या गाड्यांत दुसरा आला. पॅट्रिक डेम्प्सी २०१५ मध्ये आपल्या जीटी गटात दुसरा.

आणि जानेवारी २०२५ मध्ये दुबईला आपण हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तमिळ नट अजितकुमार यांनी स्वतःचा संघ काढून दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पोर्शे उतरवली. शर्यतीच्या काही दिवस आधी सरावात त्यांची गाडी कठड्यावर आदळून गरगरली. ते सुखरूप बाहेर आले. मग त्यांनी आपल्या संघाच्या गाडीतली चालकाची जागा सोडली आणि दुसऱ्या एका जीटी४ गाडीत बसले. त्यांचा संघ गटात तिसरा आला. प्रेक्षागारात आखाती देशांतले भारतीय इतक्या संख्येनं आले होते की निवेदकही चकित झाले. त्यातल्या अनेकांनी त्याआधी जीटी गाडी पाहिलीही नसेल. नटाला बघायला आले आणि पिटस्टॉप, गट, फेऱ्यांचा फरक असल्या गोष्टी शिकून गेले. चाहता असाच घडतो. आधी माणूस आवडतो, मग खेळ कळतो.

भारतीय चालकांची वाट अजून अरुंद आहे, पण आहे. करुण चंढोक २०१२ मध्ये ल माँची शर्यत धावणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी सगळ्यांत सहावी आली. अर्जुन मैनी २०२१ पासून जर्मनीच्या डीटीएम मालिकेत जीटी३ गाड्या चालवतो आहे, तिथं पोचलेला तोही पहिलाच भारतीय. आणि आपल्या पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये मोटारींची राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यत जिंकली. असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे फेरारीच्या मध्यपूर्वेतल्या मालिकेत २९६ चॅलेंज चालवण्यासाठी त्यांची निवड झाली. याच २९६ ची जीटी३ आवृत्ती ल माँला धावते. बायकांना जीटीत वेगळी रांग नाही. आयर्न डेम्स नावाच्या गुलाबी गाडीच्या संघात तिन्ही चालक महिला होत्या आणि २०२३ मध्ये बहारीनच्या आठ तासांच्या शर्यतीत त्यांनी आपला गट जिंकला.

विदर्भातल्या माणसाला शर्यतीचं वेड नवं नाही. कारंज्यापासून फार लांब नसलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सगळ्या मुलखात प्रसिद्ध. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे पट थांबले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. पटाला जाऊन बघा. कुणाची जोडी, कुठल्या गावची, मागच्या पटात किती सेकंद आणि वर किती दशांश, उजवा बैल कसा उठतो, हाकणारा कोण, हे सगळं तिथल्या साध्या वाटणाऱ्या माणसाच्या तोंडावर असतं. जीटीच्या चाहत्याकडे नेमकं हेच लागतं, फक्त काही सेकंदांच्या जागी चोवीस तास. तळेगावच्या पटातली जाणती माणसं मोबाइलवर ल माँचा तक्ता वाचायला बसली तर अर्ध्या तासात तयार होतील, याबद्दल मला शंका नाही.

तो तक्ता वाचणं हीच दूरच्या चाहत्याची खरी करमणूक. फोनवर शर्यतीचे आकडे क्षणाक्षणाला बदलत असतात: गाडीचा नंबर, गटातला क्रमांक, शेवटची फेरी, पुढच्याशी अंतर, पिटमध्ये कितीदा गेली. फेरीतल्या एखाद्या तुकड्याचा आकडा जांभळा झाला तर तो तिथला सर्वांत वेगवान. तुमची गाडी गटात आठवी दिसते, पण पुढच्या चौघांना लवकरच इंधनाला आत यायचं आहे आणि ती नुकतीच बाहेर पडलीय, म्हणजे खरी चौथी. तिच्या फेऱ्या हळूहळू सेकंदानं मंद होताहेत, म्हणजे टायर संपले किंवा गाडीत ब्राँझ बसलाय. एखादा अपघात झाला की त्या भागात ताशी ८० ची मर्यादा लागते. त्याच वेळी कोण पिटमध्ये होतं यावर पुढच्या दोन तासांचं नशीब ठरतं. चित्र न बघता हे सगळं दिसू लागलं की माणूस या खेळात अडकला म्हणून समजा.

इतक्या तासांनंतर शेवट तरी चुरशीचा कसा होईल? होतो. २०१७ मध्ये ल माँला जीटी गटात कॉर्व्हेटचा जॉर्डन टेलर पुढे, ॲस्टन मार्टिनचा जॉनी ॲडम त्याच्या शेपटीला. तेवीस तास पन्नासहून अधिक मिनिटं झालेली. शेवटची फेरी सुरू होताना ॲडमनं त्याला मागे टाकलं. कॉर्व्हेटचा टायर फुटला आणि दुसरी जागाही फोर्डनं हिसकावली. २०२१ मध्ये बेल्जियमच्या स्पाला, १९२४ पासून चालत आलेल्या चोवीस तासांच्या शर्यतीत, शेवटची दहा-एक मिनिटं उरलेली असताना फेरारीच्या अलेस्सांद्रो पिएर ग्विदीनं ओल्या रस्त्यावर ब्लांशिमाँ नावाच्या अतिवेगवान वळणाला बाहेरून जाऊन पुढच्या ऑडीला ओलांडलं. ते वळण सुकं असतानाही बाहेरून घ्यायचं धाडस कुणी सहसा करत नाही. मी तो प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी दर वेळी हात आखडतात.

या खेळाची काळी बाजू झाकायची नाही. ११ जून १९५५ ला ल माँला एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत शिरली आणि ऐंशीहून जास्त माणसं मेली. स्वित्झर्लंडनं त्यानंतर कित्येक दशकं सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी ठेवली. १९६९ पर्यंत चालक रस्ता ओलांडून पळत जाऊन गाडीत बसत, पट्टा न लावताच सुटत. त्या वर्षी जॅकी इक्सनं पळायला नकार दिला. तो चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक गाडीबाहेर फेकला जाऊन मरण पावला. चोवीस तासांनी इक्सची फोर्ड जीटी४० साधारण १२० मीटरनं जिंकली. पुढच्या वर्षी ती पळापळ बंद झाली. आज जे कठडे, वाळूचे खड्डे, पट्टे, चालकांच्या तासांचे नियम दिसतात, ते सगळे अशा माणसांच्या जिवावर उभे आहेत. म्हणून समृद्धीवर रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तिथं वाळूचा खड्डा नाही, झेंडा दाखवणारा नाही आणि समोरच्या ट्रकवाल्यानं चार तासांनी चालक बदललेला नाही. हौस असेल तर चेन्नईजवळचा किंवा कोइमतूरचा ट्रॅक गाठा.

आणि ज्यांना नुसती बघण्याची हौस आहे त्यांनी पुढच्या शर्यतीत एवढं करून बघा. नारिंगी पट्टीची एक गाडी निवडा. पहिली नको, मधली निवडा. तिचे तिन्ही चालक कोण, त्यातला ब्राँझ कोण, तो काय काम करतो, हे शोधून ठेवा. तिच्या प्रत्येक पिटस्टॉपची वेळ वहीत लिहा. थोडी झोप काढलीत तरी चालेल, त्या गाडीचे चालकही आळीपाळीनं झोपतच असतात. उठल्यावर आधी तिचा गटातला क्रमांक बघा, मग चहा घ्या.